मनगटावरचे दोन थेंब

तासभर उकळलेलं बार्लीचं गोड पाणी पातेल्यासकट बाथटबातल्या बर्फात ठेवून अनुप दारापर्यंत येरझाऱ्या घालत होता. ते कोमट होईपर्यंत यीस्ट घालता येत नव्हतं, आणि फार वेळ गेला तर सगळं नासणार होतं. मागचे दोन घाणे त्याच्याच घाईने वाया गेले होते. ब्रिस्टलमध्ये विमानांची इंजिनं तपासणाऱ्या या माणसाच्या हातून आज नेमका थर्मामीटर फुटला होता.

आई दारात येऊन उभी राहिली. ती पुण्याहून आठवड्यापूर्वीच आली होती, आणि पातेल्यात बिअर होणार हे कळल्यापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"हात नको लावूस, आई. जंतू जातील," तो म्हणाला.

तिने डाव उकळत्या पाण्यातून काढून आणला, पातेल्यातलं थोडं घेतलं आणि मनगटावर दोन थेंब टाकले. "थांब अजून."

दहा मिनिटांनी पुन्हा डाव, पुन्हा मनगट. "आता दुधाला विरजण लावतात तेवढं झालंय. घाल."

अनुपने यीस्ट घातलं आणि कमोडच्या झाकणावर बसकण मारली.

"प्यायला कधी होईल?" तिने विचारलं.

"चार आठवडे तरी लागतील. का गं?"

आई बोटांच्या पेरांवर मोजत होती. "म्हणजे पितृपक्षात तुझ्या बाबांच्या तिथीला होईल. तीस वर्षं माझ्यापासून लपवून प्यायले. यंदा त्यांच्या पानात मी वाढीन."