स्वयंसेवक हवा आहे

बौद्धिक अपंगांच्या संस्थेची संचालिका म्हणून तिने उभी हयात एकाच गोष्टीसाठी घालवली. मोठी झालेली मुलं स्वतःच्या घरात, स्वतःच्या मनाप्रमाणे राहावीत, एवढंच तिचं म्हणणं. संस्थेच्या नव्या घरांपैकी एक तिच्या धाकट्या भावालाही मिळालं. चाळिशीचा हा भाऊ, जन्मभर तिच्याजवळ राहिलेला, मागच्या आठवड्यात हसत हसत तिकडे राहायला गेला. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. तिने मान डोलावली आणि स्वतःला मिटिंगांमध्ये बुडवून टाकलं.

आज संध्याकाळी ती ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसली होती. तेवढ्यात स्वयंसेवकांचं काम बघणारी मुलगी दारात आली.

"मॅडम, एक विनंती आलीय. एक बाई घरी एकट्याच असतात. जेवायचं विसरतात, दिवा तसाच चालू ठेवून खुर्चीतच झोपतात. रोज कोणीतरी डोकावायला हवं."

तिने डोळे चोळले. अंगात त्राण नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय सुटते थोडीच!

"कोणी मोकळं नसेल तर मीच जाऊन येते. पण त्यांचं जवळचं कोणी नाही का गं?"

मुलीने मागे वळून दाराबाहेर पाहिलं.

 

 

"भाऊ आहेत, मॅडम. बाहेरच बसलेत. म्हणतात, 'मी आता माझ्या घरी राहतो ना, मग ताईकडे कोण बघणार?'"