यादीत नसलेलं शहर

युद्ध पेटलं आणि आमच्या झाग्रेबहून शत्रूच्या बेलग्रेडला फोन लागेनासा झाला. माझ्या संगणकावरच्या बुलेटिन बोर्डात लोक टाकत ते निरोप मात्र तिकडे पोचतच होते. मग एक साहेब सरकारी हुकूम घेऊन घरी आले.

"बाई, बेलग्रेडला एक अक्षरही जाता कामा नये!"

बोर्ड कुठे-कुठे फोन लावतो, त्याची यादी मी संगणकावर उघडली. "बघा की. माझे निरोप फक्त व्हिएन्नाला जातात."

साहेब माझीच कॉफी पिऊन, हुकमाचा कागद टेबलावर ठेवून गेले. व्हिएन्ना ते पुढे कुठे धाडतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी कशाला सांगू? तो हुकूमच टाइप केला आणि दिला पाठवून.

तिसऱ्या दिवशी व्हिएन्नाहून आलेल्या निरोपांच्या गठ्ठ्यात, बेलग्रेडला असाच बोर्ड चालवणाऱ्या रांकोचं उत्तर होतं.

"लेर्का, हाच कागद आमच्याकडेही आलाय, शब्दन्‌शब्द तोच. फक्त शहर तुमचं आहे. मीही यादीच दाखवली."