दर अर्ध्या तासाला

“बसा. चार वाजतायत, तेवढी हाक मारून येतो,” निवृत्त इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले.

काटा बारावर आला तशी त्यांनी आतल्या बंद दारावर दोनदा टकटक केली. “अगं, ठीक ना?”

“ठीक आहे,” आतून बाईचा आवाज आला.

साहेबांनी टेबलावरची जाड वही उघडली, चारची वेळ टाकली, ऐकलेलं लिहिलं आणि खाली सही ठोकली. घर स्वतःचं, बायको स्वतःची, तरी सही हवीच. समोर बसलेल्या डॉक्टरबाई एरवी हसल्या असत्या. आज त्या हसायला आल्या नव्हत्या.

“जित्याची खोड, काय करणार,” साहेब खुर्चीत टेकत म्हणाले. “हिचं हृदय नाजूक आहे. उत्तर आलं की दार उघडायचं नाही, झोपमोड होते. आज सकाळपासून पडूनच आहे. जेवायचं विचारलं तर म्हणते, ठीक आहे. आता याचा अर्थ हो की नाही, हे चाळीस वर्षांत मला कळलेलं नाही.”

डॉक्टरबाईंनी पिशवीतून दोन कागद काढले. पहिला सव्वीस वर्षांपूर्वीच्या कोठडीच्या नोंदवहीचा होता. कोठडीतल्या माणसाला दर अर्ध्या तासाने दाराबाहेरून हाक मारायची, उत्तर आलं की लिहायचं, अशी त्या ठाण्याची पद्धत होती. सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत बारा नोंदी: ‘हाक दिली. ठीक आहे म्हणाला.’ प्रत्येकीखाली साहेबांची सही.

दुसरा कागद शवविच्छेदनाचा. मृत्यू सकाळी अकराच्या आत.

“कोठडीतले ते माझे वडील,” त्या म्हणाल्या. “आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. पाचपर्यंत. कोणी वेळेवर दार उघडलं असतं तर कदाचित वाचले असते.”

साहेबांनी दोन्ही कागद वाचून खाली ठेवले. “तुमच्या आईचा डबा निळा होता,” ते हळूच म्हणाले. “मी विसरलो नाही.”

“मग एवढंच लिहून द्या, की या बारा नोंदी खोट्या आहेत. सोमवारी निकाल आहे. तुमची कबुली नसेल तर प्रकरण कायमचं बंद होईल.”

घड्याळाने साडेचारचा ठोका दिला. साहेब उठले. एवढं सगळं समोर असताना हा माणूस उठतो, याचा डॉक्टरबाईंना संताप आला. टकटक झाली, हाक झाली, आतून पहिल्यासारखंच “ठीक आहे” आलं, वहीत सही पडली.

“आमच्या खात्यात उडदामाजी काळेगोरे होते, नाही म्हणत नाही,” परत बसत साहेब म्हणाले. “चहा पिता पिता अख्ख्या दिवसाच्या नोंदी भरून ठेवणारे दोघे मी स्वतः घरी बसवले. पण सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणू नका. पोलिसाच्या कागदावर माणसं तुरुंगात जातात आणि सुटतात. तो कागद खोटा, तर वर्दी कशाला हवी? जे कानांनी ऐकलं नाही, ते मी कधी लिहिलं नाही.”

“मेलेला माणूस उत्तर देतो?”

“ते तुमचं शास्त्र. सकाळी तो खोकत, कुरकुरत बोलायचा. नंतरची उत्तरं सगळी एकसारखी आली, सपाट. पाचनंतर घरी सोडायला दार उघडलं, तर लाकूड झाला होता.” साहेबांचा आवाज चिरकला. “सव्वीस वर्षं झाली, मीही हेच विचारतोय.”

चोर तो चोर, वर शिरजोर, असं डॉक्टरबाईंच्या मनात आलं. रडणारे खोटारडे त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात पुष्कळ पाहिले होते. त्यांनी पेन पुढे सरकवलं.

साहेबांनी ते हळूच परत ढकललं. “या नोंदी खोट्या होत्या असं लिहून दिलं, तर ती माझ्या हातची पहिली खोटी नोंद होईल. तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतं?”

“जे खरं, तेच.”

“मग झालं तर.”

डॉक्टरबाईंनी कागद गोळा केले. आईला काय सांगायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

“राग समजतो मला,” साहेब म्हणाले. “तरी एक विनंती करतो. आमचे नेहमीचे डॉक्टर परगावी आहेत. जाता जाता हिला जरा बघाल?”

राग या माणसावर होता, आजारी बाईवर नव्हता. शिवाय डॉक्टरकी अशी अर्ध्यात सोडता येत नाही. “बघते,” त्या म्हणाल्या.

“व्हा पुढे. पाच वाजतच आलेत, हाक मारतो आणि आलोच.”

खोलीत पडदे ओढलेले होते. बाई भिंतीकडे तोंड करून, पांघरूण नीट गळ्यापर्यंत घेऊन निजलेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी दार लोटून घेतलं, पलंगाशी बसून मनगट धरलं आणि चटकन सोडलं. मग पुन्हा धरलं. कोपर वाकेना. मान वळेना. जबड्याला हात लावला, तो घट्ट आवळलेला होता.

मृतदेह तपासणं हेच त्यांचं रोजचं काम होतं. आठ तास तरी झाले असावेत. म्हणजे सकाळचे नऊ.

चारचं उत्तर त्यांनी स्वतः ऐकलं होतं. साडेचारचंही.

बाहेर घड्याळाने पाच ठोके दिले. दारावर दोनदा टकटक झाली.

“अगं, ठीक ना?”

“ठीक आहे,” पलंगावरून उत्तर आलं. बोटांखालचा जबडा हलला नव्हता.

“ऐकलंत ना, डॉक्टर?” साहेबांनी बाहेरून विचारलं. “लिहू?”