पेटीखालचं कॉमिक

"बाबा, आईला जायला तुम्ही चार पानं लावलीत. वाचणारा दुसऱ्याच पानावर उठून जाईल."

माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं बायकोच्या मरणाचं ते प्रकरण संपादकांनी दोनदा परत पाठवलं, म्हणून मी मुलीला वाचून दाखवलं होतं.

"मग कसं लिहायचं, तूच सांग," मी तडकून म्हणालो.

"सांगितलंय की. दोन वर्षं झाली तुम्हाला देऊन."

ती कशाबद्दल बोलतेय ते माझ्या ध्यानात आलं. तिने स्वतः काढलेलं कॉमिक. चित्रांच्या पुस्तकात वाचायचं ते काय, म्हणून भजनाच्या पेटीचा डगमगता कोपरा मी त्याच्यावर टेकवला होता. तिच्यादेखतच ते ओढून काढावं लागलं. मुखपृष्ठावर पेटीचा खोल वण उमटला होता.

शेवटच्या पानावर दोनच चौकटी होत्या. पहिलीत तिची आई समईची वात सारखी करत होती. दुसरीत तीच समई होती, पण वातीवरचा हात माझा होता. मध्ये बोटभर कोरी जागा. तेवढ्यात ती गेली होती.

कीर्तनात आमचे बुवा ऐन प्रसंगात असेच गप्प होतात. टाळही थांबतात, आणि सगळं देऊळ डोळे पुसतं. चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून मी नुसती मान डोलावली.

माझी मान वर होईना.

"पेटी डगमगेल आता," ती हळूच म्हणाली.

मी माझी चार पानं घडी घालून पेटीखाली सरकवली.