पंक्तिप्रपंच

दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांचे आकडे सारखेच आले, तेव्हा आपण कागद उलटा धरलाय असं प्रांजलीला वाटलं. तो सुलटाच होता. मग तिला रडू यायला लागलं.

प्रयोग साधा होता. डावीकडच्या उंदरांना तीन महिने खाण्यातून बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष, उजवीकडच्यांना निव्वळ खाणं. मग दोन्हीकडच्या काहींच्या यकृतातला डीएनए काढायचा आणि विष त्याला किती चिकटलं ते मोजायचं. कॅन्सरची सुरुवात तिथूनच होते. पण ज्यांना विष दिलंच नव्हतं, त्यांच्याही डीएनएला ते तेवढंच चिकटून बसलेलं. चार वाजता हे गाईडना दाखवायचं होतं. पुण्याहून बेंगळुरूला ती आली होती ती याच पीएचडीसाठी.

चूक आपली नसणार, याबद्दल ती पुण्याची असल्यामुळे शंका नव्हती. ती तडक तळमजल्यावरच्या उंदीरघरात गेली.

तिथले कामगार वासुदेवअण्णा उंदरांना वाढत होते. खायला घालणं वेगळं आणि वाढणं वेगळं. चामराजपेटेतल्या लग्नांत पंगती वाढण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आताही ते वाकून, कुणाला कमी-जास्त पडत नाही ना, हे बघत होते.

"अण्णा, विषाचा लाल डबा कुठल्या पिंजऱ्याला?"

"आज डावीकडे. काल उजवीकडे होता की."

प्रांजलीनं जवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. "रोज बदलता?"

"मग? एका पंगतीत ह्याला एक नि त्याला एक? पंक्तिप्रपंच होतो, अक्का. विष झालं तरी सगळ्यांना स्वल्प स्वल्प."

"अण्णा, तोच तर प्रयोग होता. एकांना द्यायचं, दुसऱ्यांना नाही. माझे तीन महिने गेले हो."

अण्णांचा चेहरा पडला. मुलीचं नुकसान झालं, एवढं त्यांना कळलं. तरी त्यांच्या मनातलं काही जाईना.

"सरी, बरं. चुकलं माझं. पण डावीकडच्यांनी असं काय पाप केलेलं? त्यांनाच विष, हे ठरवलं कुणी?"

याचं उत्तर मात्र प्रांजलीकडे होतं, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध होतं.

"कुणीच नाही. मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

अण्णांनी डबा खाली ठेवला आणि तिच्याकडे मायेनं पाहिलं.

"म्हणजे तुमच्यानंही निवडवलं नाही."