चौकटीवरच्या पाच खुणा

पाणी सहावी पायरी गिळून सातवीला लागलं, तरी मास्तरांनी खुर्ची हलवली नाही. ती त्यांनी मुद्दामच दारात टाकली होती. तिथून पूरही दिसत होता आणि चौकटही.

चौकट जुन्या लाकडाची. तिच्या डाव्या अंगाला पाच आडव्या खुणा. महापुराचं पाणी जिथवर चढेल तिथं घरच्या कर्त्या माणसानं पटाशीनं खाच पाडायची, हा आजोबांपासूनचा रिवाज. गिरणी वाहून गेली त्या पुराची खूण घोट्याशी, जुना पूल गेला त्याची गुडघ्याशी, आणि अर्धं गाव गेलं त्याची सगळ्यांत वर, मांडीशी. या खुणांच्या जोरावर मास्तरांनी पंचक्रोशीतल्या पुरांचा दोनशे पानी इतिहास लिहिला होता. तो सहा जणांनी वाचला. त्यातले दोघे छापखान्यातले होते.

आज मात्र त्या इतिहासाला गिऱ्हाईक होतं. गल्लीत सगळ्यांच्या दाराला दोन पायऱ्या, मास्तरांच्या दाराला सात. त्यामुळे अख्खी गल्ली, म्हणजे अकरा माणसं, त्यांच्या बाहेरच्या खोलीत उभी होती. बसवत कुणालाच नव्हतं.

"अहो, होडी आली की निघायचं ना?" बायकोनं चौथ्यांदा विचारलं. तिनं पिशवी तीनदा भरली होती आणि दोनदा सोडली होती.

"कशाला? उंबरा कोरडा आहे अजून. गिरणीच्या पुराला पाणी आत घोटाभर होतं, तरी आजी चुलीपाशी बसून होती. हा तर पुरात धरण्याच्याही लायकीचा नाही."

"आमच्याकडे खिडकीतून शिरलं की हो," शिंपी म्हणाला.

"तुमचं घर सखलात आहे."

"भिंतीला भिंत लागून आहे आपली, मास्तर."

"इतिहासात असं होतं."

दोनशे पानांपुढे शिंप्याचं काही चालेना. त्याचा उजवा पाय मात्र शिलाई मशीनवर असल्यासारखा चालूच राहिला.

तेवढ्यात होडी दाराला लागली. वल्ह्यावर गवंडी होता. पूर आला की गावात पोहणारा प्रत्येक जण नावाडी होतो.

"चला, सगळे मावाल. वरून धरणाचं पाणी सोडलंय. ही शेवटची खेप, पुढं धार ओलांडता यायची नाही."

कुणी होडीकडे पाहिलंच नाही. सगळे मास्तरांकडे पाहत राहिले.

"तू पलीकडच्या आळीतली माणसं काढ," मास्तर म्हणाले. "आम्हांला घाई नाही. ह्या खुणा बघ. पाच पूर झाले, आणि आजचं पाणी त्यातल्या सगळ्यांत खालच्या खुणेलाही लागलेलं नाही."

गवंड्यानं खुणा पाहिल्या. मग वल्ह्यानं पाण्याखालच्या पायऱ्या चाचपल्या.

"मास्तर, तुमचं जोतं तीन फूट उचललं कुणी?"

"तूच की. मी निवृत्त झालो त्या वर्षी. म्हटलं, पुराची कटकट नको."

"आणि ही चौकट?"

"ती आजोबांची. नवी बसवू देणार नाही म्हणून मी हटूनच बसलो होतो. तू ती जपून काढलीस, आणि जोतं झाल्यावर तशीच वर..."

मास्तरांची नजर चौकटीवर गेली. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना वजाबाकी शिकवली होती. मांडीजवळची खूण उंबऱ्यापासून अडीच फुटांवर. जोतं उचललं तीन फूट. तीनातून अडीच. अर्धं गाव नेणारा पूर आजच्या उंबऱ्याच्या अर्धा फूट खालीच थांबला होता.

"उठा," ते म्हणाले. "सगळे उठा. आधी बायका आणि पोरं."

सगळे उभेच होते, म्हणून ते लवकर निघाले. बायको पिशवीसकट सगळ्यांत आधी चढली. "अहो, आता तरी या," ती होडीतून म्हणाली. मास्तर मात्र कपाटात काहीतरी शोधत होते. पाणी उंबऱ्याच्या काठाशी आलं तेव्हा ते पटाशी घेऊन गुडघ्यांवर बसले, आणि पंचक्रोशीच्या इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या पुराची खूण त्यांनी बाकी पाचही खुणांच्या खाली कोरली.