फोटोतला लाल

यशोदाबाईंनी ओट्यावर फेटा पसरला, त्याला लागून मोबाईल ठेवला आणि ओशाळून म्हणाल्या, "भाऊ, हाऊ तो लाल नही शे."

नूर महंमद रंगरेज, म्हणजे गल्लीचे नूरचाचा, आधी फेट्याकडे बघत राहिले, मग मोबाईलकडे. फेट्याचा लाल डाळिंबाच्या दाण्यासारखा, मुरलेला. मोबाईलमधला नुसता भडक, डोळ्यात घुसणारा. धुळ्यात कपडा रंगवण्यात चाचांची चाळीस वर्षं गेली होती, पण त्यांच्या लालला कोणी नावं ठेवली नव्हती. यशोदाबाईंच्या पिंपळनेरच्या घरातली चार लग्नं याच लालात लागली होती. पण आता नवरदेव होता त्यांचा धाकटा, नवल. त्याने फेटे वेबसाइटवर बघून मागवले होते, आणि फोटोत आहे तोच लाल पाहिजे म्हणून तो अडून बसला होता. एकेचाळीस फेट्यांचं गाठोडं बाई एसटीने परत घेऊन आल्या होत्या. लग्न नऊ दिवसांवर.

चाचांची सून कशिश दाराआड उभी होती. तक्रार कानावर पडली तशी ती मान खाली घालून आत निघून गेली. वेबसाइट तिची, फोटोही तिनेच काढलेले.

आणि चाचांचं खरं दुखणं तेच होतं. तौसिफने, म्हणजे पोटच्या पोराने, वेबसाइटला नाव दिलं 'कशिश कलर्स'. बापाचं नाव कुठं? कुठंच नाही. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, सूनबाई फोटो काय झकास काढतात. हात भाजायचे चाचांचे आणि वाहवा व्हायची फोटोची. सवतीकडे बघावं तसे ते त्या मोबाईलकडे बघायचे. सुनेशी बोलणं चहापाण्यापुरतं उरलं होतं. साठी उलटलेला माणूस पंचविशीतल्या पोरीवर जळतोय, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं. म्हणून तर ते जास्तच जळत होते.

"ठेवून जा," चाचा यशोदाबाईंना म्हणाले. "आठ दिवसांत फोटोतलाच लाल देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कशिश जळगावला माहेरी गेली. चाचांना मनातून बरं वाटलं. तोंड दाखवायला जागा नाही म्हणून पळाली, असं त्यांनी बायकोला, अनवरीला, दोनदा ऐकवलं.

मग ते कामाला लागले. गडद लालवर उजळ लाल चढत नाही, आधीचा रंग उतरवावा लागतो. अनवरी म्हणाली, नवा कपडा आणा, स्वतःच्या हातचा रंग कोणी असा काढतं का? पण मलमलचा नवा तागा यायला पंधरा दिवस लागले असते, आणि चाचांना आता थांबायचंच नव्हतं. उकळत्या पाण्यात त्यांनी रंग काढायची पूड टाकली आणि एकेक करत एकेचाळीस फेटे बुडवले. मोरीतून दोन दिवस लाल पाणी वाहत होतं. चाचांनी तिकडे बघायचं टाळलं.

नंतर त्यांनी अनवरीचा मोबाईल कोनाड्यात उभा करून ठेवला आणि त्या फोटोच्या मागे लागले. रंगाची पूड त्यांनी कधी मोजली नव्हती, सगळा चिमटीचा अंदाज. एकदा गुलाबी जास्त झाला, एकदा केशरी. चिंध्यांवर चिंध्या वाया गेल्या. मोबाईलला शिव्या घालत, जेवणाच्या वेळा चुकवत ते झटत राहिले. सहाव्या दिवशी एक चिंधी जमली. सातव्या दिवशी सगळे फेटे रंगून गच्चीवरच्या दोरीवर चढले. आठव्या दिवशी दुपारी चाचांनी वाळलेला फेटा मोबाईलला लावून पाहिला. दोन्ही लाल इतके एक झाले होते की अनवरीलाही फरक सांगता येईना. कित्येक महिन्यांनंतर चाचा मोकळं हसले. आता सून यायची तेवढी वाट बघायची होती.

ती आलीच तासाभरात. चाचा ओट्यावरच उभे होते. चल वर, तुला काहीतरी दाखवायचंय, असं ते म्हणणार, तेवढ्यात कशिशने पिशवी खाली ठेवली आणि मोबाईल पुढे केला.

"अब्बा, आधी हे बघा. चूक तुमच्या रंगाची नव्हती, माझ्या फोटोची होती."

माहेरच्या गल्लीत भूषण म्हणून एक स्टुडिओवाला होता. त्याच्याकडे ती आठवडाभर शिकायला बसली होती. फोटो वेबसाइटसाठी सेव्ह करताना तिची एक खूण करायची राहून जात होती. रंग कोणत्या मापाने वाचायचा, ते त्या खुणेमुळे फोटोसोबत जातं. ती नसली की प्रत्येक मोबाईल आपल्या मनाने रंग दाखवतो, आणि लाल तर बहुतेक मोबाईल भडकच करतात. तिने सगळे फोटो नव्याने सेव्ह करून टाकले होते. चार वेगवेगळ्या मोबाईलवर लावून पाहिले होते.

चाचांनी वाकून पाहिलं. डाळिंबाच्या दाण्यासारखा, मुरलेला. खाली तिने लिहिलं होतं, 'नूर महंमद यांच्या हातचा लाल'.

कशिश भरभरून सांगत होती. तिने नवललाही नवा फोटो पाठवला होता. त्याने बघितला आणि लगेच म्हणाला, हाच पाहिजे, आमच्या बाबांच्या लग्नातही हाच होता. उद्याच्या लग्नाला आता तेच जुने फेटे जाणार होते. न्यायला पिंपळनेरहून गाडी निघालीसुद्धा होती.

"अब्बा, गाठोडं कुठं ठेवलंय?"

चाचांनी तिच्या हातातला मोबाईल आपल्या हातात घेतला. त्यांचा लाल आता तेवढाच उरला होता.